जितकी घरं, तितकी वटवाघळं

नेवासा तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवत असताना मला वटवाघळांचा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तो वाढतच गेला. नेवाशाला लोक येतात ते पैस खांबाचं दर्शन घ्यायला, मोहिनीराजाला नमस्कार करायला. तिथून पुढे देवगड, शनिशिंगणापूर करून परततात. दिवस मावळल्यावर प्रवरेच्या काठी मान वर करून कोणी थांबत नाही. तिथे अर्धा तास थांबलं तरी निरनिराळ्या उंचीवरून, निरनिराळ्या चालीने उडणारी निदान तीन-चार प्रकारची वटवाघळं डोक्यावरून जातात. उष्ण प्रदेशात या प्राण्याच्या इतक्या जाती का, याचं उत्तर पुस्तकांत आहेच. पण मला ते खऱ्या अर्थाने पटलं ते आपल्याच तालुक्यातली जुनी झाडं, पडीक विहिरी, ओसाड वाडे आणि देवळांचे गाभारे पाहताना. त्यातून जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

१. जात ओळखण्याआधी घर ओळखावं.

वटवाघूळ दिवसा कुठे झोपतं हे कळलं की निम्मी ओळख पटलेली असते. मोठं फळखाऊ वटवाघूळ, ज्याचे पसरलेले पंख सव्वा मीटरपर्यंत भरतात, ते उघड्यावर राहतं. चिंच, वड, पिंपळ, निलगिरी, कोणतंही झाड त्याला चालतं. झाड मात्र उंच हवं आणि जवळपास पाणी हवं. वैशाखात ही वटवाघळं झाडावर पंखांनी वारा घालत बसतात आणि पाण्यावरून उडताना पोट भिजवून घेतात. याच कुळातलं आखूड नाकाचं लहान वटवाघूळ पानांच्या आत दडतं. शाळांच्या आवारात ओळीने लावलेल्या उंच सरळ अशोकाच्या लोंबत्या पानांत ते हमखास सापडतं. या जातीचा नर पानांची, वेलींची देठं कुरतडून आतल्या बाजूला पोकळी तयार करतो आणि माद्या तिथे येऊन राहतात.

कीटकखाऊ वटवाघळांच्या आवडी आणखी वेगळ्या. पिवळसर पोटाचं स्कोटोफिलस ताडाच्या सुकलेल्या झावळ्यांत, नाहीतर भिंतीच्या भेगेत अंग चोरून बसतं. ज्याला आपल्याकडे पाकोळी म्हणतात ते जेमतेम तीन-चार ग्रॅमचं पिपिस्ट्रेल दाराच्या चौकटीमागे, पत्र्याखाली, दुकानाच्या पाटीमागेही राहतं. टूम्ब बॅट म्हणून ओळखली जाणारी वटवाघळं दगडी भिंतीला पोट टेकून चिकटतात आणि उजेड पडला की भिंतीवरूनच सरकत भेगेत शिरतात. हिपोसिडेरॉस कुळातली, नाकावर पानासारखी घडी असलेली वटवाघळं अंधाऱ्या छताला लटकतात, पण शेजाऱ्यापासून अंतर राखून. एकमेकांना खेटून दाटीवाटीने लोंबणारा घोळका दिसला की ती दुसरी जात समजावी. रूसेटस हे फळखाऊ असूनही त्याला झाड नको असतं. त्याला गुहा लागते, आणि गुहा नसेल तिथे वापरात नसलेली विहीर.

आपला तालुका काळ्या मातीचा, सपाट. इथे डोंगर नाही, म्हणण्यासारखी गुहा नाही. मग गुहेत राहणाऱ्या जाती इथे आल्या कशा? माणसाने त्यांना गुहा बांधून दिल्या म्हणून. नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं आणि या गावाची वस्ती ताम्रपाषाण युगापर्यंत मागे गेली. ती घरं कुडाची, मातीची होती. पुढे दगडी देवळं आली, घाट आले, बारवा आल्या, गढ्या आल्या, सागवानी तुळयांची माळवदं आली. अशा प्रत्येक बांधकामात कुठे ना कुठे एक कायमचा अंधारा, थंड, दमट कोपरा असतो. टोक्याला प्रवरासंगमावरचे दगडी घाट आणि सिद्धेश्वराचं मंदिर पाहताना माझी नजर आता कोरीव कामाआधी दगडांच्या सांध्यांकडे जाते.

२. थंडी नसणं हे जातींच्या संख्येचं मोठं कारण.

जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींत साधारण एक वटवाघळाची. पण त्या सारख्या वाटलेल्या नाहीत. सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून अठराच्या आसपास जाती आहेत. भारतात सव्वाशेहून अधिक आणि इंडोनेशियात दोनशेहून अधिक. पनामा कालव्यात बारो कोलोरॅडो नावाचं बेट आहे. त्याचं क्षेत्रफळ सोळा चौरस किलोमीटरही भरत नाही, म्हणजे आपल्याकडची दोन-तीन गावांची शिवारं. तिथे सत्तरहून अधिक जाती सापडल्या आहेत.

ब्रिटनच्या वटवाघळाला हिवाळ्यात कीटक मिळत नाहीत. ते अंगात चरबी साठवतं आणि महिनोन्‌महिने निपचित पडून राहतं. फळांवर जगणारं वटवाघूळ तिथे टिकणंच शक्य नाही, कारण वर्षातला मोठा काळ फळच नसतं. आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर ही झाडं आळीपाळीने फळतात. एक संपेपर्यंत दुसरं सुरू होतं. त्यामुळे फळांवर जगणारे आले, फुलांतला रस पिणारे आले. कीटकही बारा महिने असल्यामुळे कोणी फक्त भुंगेरे धरायला शिकलं, कोणी पतंग, कोणी पाण्यावरचे डास आणि चिलटं. दक्षिण अमेरिकेत तर मासे पकडणारी आणि बेडूक खाणारी वटवाघळंही आहेत. रक्त पिणारी फक्त तीन, आणि ती तिन्ही मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंतच. आपल्या गावातल्या कुठल्याही वटवाघळाला रक्ताशी देणंघेणं नाही, हे मी दरवर्षी वर्गात सांगत आलो आणि दरवर्षी एखादा मुलगा घरी जाऊन आजीशी वाद घालून आला. त्याचं मला समाधान आहे.

आपला भाग अवर्षणप्रवण. इथे पश्चिम घाटाएवढ्या जाती नाहीत आणि असणारही नाहीत. पण कोरड्या मुलुखाच्या स्वतःच्या खास जाती असतात. रायनोपोमा म्हणजे उंदरासारखी लांब, बारीक शेपटी असलेलं वटवाघूळ. ते उष्ण, कोरड्या प्रदेशातल्या किल्ल्यांत आणि लेण्यांत राहतं. हिवाळ्याआधी शेपटीच्या मुळाशी चरबी साठवतं आणि कीटकांचा तुटवडा त्यावर काढतं. कोकणातल्या गर्द रानात हा प्राणी शोधायला जाऊ नये.

३. एकाच जागी बसावं, पण सूर्यास्तापासून पूर्ण अंधार पडेपर्यंत बसावं.

उजेड असतानाच उंच आभाळात सरळ, वेगाने जाणारी दिसतात ती बहुधा टूम्ब बॅट. पाकोळ्याही लवकर निघतात आणि नदीच्या पाण्यावर, गोठ्याभोवती गिरक्या घेतात. स्कोटोफिलस बाभळींच्या शेंड्याच्या उंचीने फिरतं. चांगलं झाकोळून आलं की मोठी फळखाऊ वटवाघळं संथ पंख हलवत एकामागून एक लांबच्या लांब रांगेने जातात. नाकावर पान असलेली आणि मोठ्या कानांची वटवाघळं पूर्ण अंधार झाल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. ती जमिनीजवळून, झुडपांच्या आडोशाने जातात. घुबड आणि ससाणा यांच्या भीतीने जो तो आपली वेळ सांभाळतो. ज्याला वेगाने निसटता येतं तो उजेडात निघायचं धाडस करतो.

रस्त्यावरच्या दिव्यांचाही यात भाग आहे. पाकोळीला दिव्याभोवतीचे कीटक फुकटात मिळतात, म्हणून ती दिव्यापाशी येते. मोठ्या कानांचं वटवाघूळ उजेड टाळतं. देवळाच्या शिखरावर रात्रभर झगझगीत दिवे सोडले की एका जातीचं पोट भरतं आणि दुसरीची बाहेर पडायची वाटच बंद होते. दिवे लावणाऱ्याच्या मनात असं काही नसतं. म्हणून हे कोणीतरी सांगायला हवं.

४. वर पाहण्याआधी खाली पाहावं.

जुन्या पडक्या खोलीत टॉर्च मारून छत उजळण्याची काही गरज नसते. जमीन सगळं सांगते. चमकदार बारीक कणांची कोरडी लेंडी असेल तर वर कीटकखाऊ राहतात. ते कण म्हणजे किड्यांच्या कवचांचे तुकडे. फळं चावून, रस गिळून थुंकलेला चोथा आणि बिया असतील तर फळखाऊ. आणि नाकतोड्यांचे पाय, पतंगांचे पंख, पालीची शेपटी, बेडकाचा पाय, कधी उंदराची कवटी असं सगळं एकाच जागी पडलेलं असेल, तर वरच्या तुळईवर मेगाडर्मा लायरा जेवायला बसतं असं समजावं. याचे दोन्ही कान कपाळावर एकमेकांना जोडलेले असतात. भक्ष्य जमिनीवर चालतं तेव्हा होणारी पानांची खुसखुस ऐकून ते झडप घालतं. इंग्रजीत याला फॉल्स व्हँपायर म्हणतात. ते रक्त पीत नाही, पण शिकार मात्र घुबडाच्या तोडीची करतं. धान्याच्या कोठीशेजारी त्याचं बस्तान असेल तर मालकाने आनंद मानावा.

फळखाऊंच्या चोथ्याकडे मुलांना बारकाईने पाहायला लावावं. उंबर-पिंपळाच्या बारीक बिया गिळल्या जातात आणि उडता उडता विष्ठेतून दूर पडतात. जांभळाचं, मोहाचं फळ तोंडात धरून वटवाघूळ दुसऱ्या झाडावर नेतं, तिथे खातं आणि बी टाकतं. माळावर मधेच एकटं उभं असलेलं उंबराचं रोपटं कुणी लावलं, या प्रश्नाचं उत्तर पक्षी किंवा वटवाघूळ यांपैकी एक असतं. गोरखचिंचेची आणि टेटूची फुलं तर रात्रीच उमलतात आणि परागीकरणासाठी वटवाघळांची वाट पाहतात.

५. आपल्या कानांना जिथे शांतता वाटते, तिथे मोठा गजबजाट असतो.

माणसाला साधारण वीस किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं. बहुतेक कीटकखाऊ वटवाघळं त्याहून वरच्या पट्टीत हाका देतात आणि प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधतात. इटलीतल्या स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस डोळे झाकलेली वटवाघळं अडथळे चुकवतात हे दाखवलं होतं. पण ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या हाका देतात हे यंत्राने कळायला १९३८ साल उजाडलं. ते काम अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी केलं. आता हा आवाज आपल्याला ऐकू येईल अशा पट्टीत उतरवणारी यंत्रं मिळतात. ते यंत्र प्रथम कानाला लावलं तेव्हा मी थरारून गेलो. नदीकाठच्या त्या सामसूम अंधारात टकटक, चिर्रचिर्र, शिट्ट्या यांचा नुसता वर्षाव चालू होता.

जातीगणिक पट्टी वेगळी. उंच मोकळ्या आभाळात उडणाऱ्यांची हाक खालच्या पट्टीतली, कारण ती लांब जाते. झुडपांत शिकार करणाऱ्या हिपोसिडेरॉसची पट्टी शंभर किलोहर्ट्‌झच्याही वर, कारण तिला बारीक तपशील कळतो. एकाच शिवारात इतक्या जाती एकमेकींना न अडवता कशा जगतात, हे या आवाजांतून उलगडतं. प्रत्येकीची उंची वेगळी, वेळ वेगळी, पट्टी वेगळी, भक्ष्याचा आकार वेगळा. फळखाऊ वटवाघळं मात्र डोळ्यांवर आणि नाकावर चालतात. त्यांचे डोळे चांगले मोठे आणि तेज असतात. त्यांत रूसेटस तेवढं जिभेने टकटक आवाज काढून अंधाऱ्या गुहेत वाट काढतं.

६. शेतकऱ्याशी बोलताना हुमणीपासून सुरुवात करावी.

आमचा तालुका उसाचा. ऊस म्हटला की हुमणी आलीच. वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि बाभळी-कडुनिंबावर पाला खायला व मिलनाला जमतात. कृषी खातं या काळात फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायला, प्रकाश सापळे लावायला सांगतं. त्याच संध्याकाळी, त्याच बाभळींभोवती स्कोटोफिलस घिरट्या घालत असतं. कठीण कवचाचे भुंगेरे हे त्याचं मुख्य अन्न. अंडी घालण्याआधी मारलेली प्रत्येक मादी म्हणजे उसाच्या मुळाशी लागणाऱ्या अळ्या तेवढ्या कमी.

एका बांधावर बसून मी हे एका ओळखीच्या शेतकऱ्याला दाखवत होतो. तो बराच वेळ गप्प बसून बघत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, म्हंजे हे बिनपगारी गडीच की." कापसावरच्या बोंडअळीचे पतंगही रात्री उडतात, हे त्याने मला न सांगता स्वतःच जोडून घेतलं. वटवाघळांमुळे हुमणी हटेल असं मी कुणालाही सांगत नाही. ती हटणार नाही. पण कीटकांविरुद्धच्या लढ्यात जो आपल्या बाजूने आहे, त्याचं घर आपणच मोडू नये, एवढं पटवून देता येतं. एका रात्रीत वटवाघूळ आपल्या वजनाच्या निम्म्याएवढे कीटक सहज खातं आणि पिल्लाला पाजणारी मादी त्याहूनही जास्त.

७. फळबागवाल्याचं नुकसान नाकारू नये.

पेरू, डाळिंब, द्राक्षं यांची नासधूस होते आणि ज्याचं होतं त्याला ती जाणवते. तिथे निसर्गाचं प्रवचन कामाचं नाही. चिकू, आंबा, केळी आपण बहुधा पिकायच्या आधीच उतरवतो आणि वटवाघूळ पिकलेलंच शोधतं, त्यामुळे तिथे तोटा वाटतो त्यापेक्षा कमी असतो. बाकी बागांना जाळी हाच खरा उपाय. पण ती बारीक विणीची आणि ताणून बसवलेली हवी. मासेमारीचं सैल नायलॉनचं जाळं टाकलं की त्यात वटवाघळंही अडकतात, घुबडंही आणि सापही. सगळे तडफडून मरतात.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. पन्नास वर्षं कायद्याने ज्यांना मारायची मुभा दिली होती, ती वटवाघळं त्या यादीतून बाहेर आली. सांधेदुखीवर वटवाघळाची चरबी चोळणारे लोक मात्र अजून भेटतात. त्या चरबीने गुडघा बरा होत नाही.

८. रोगाची भीती मनात ठेवावी, पण ती योग्य जागी ठेवावी.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२०मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली. त्यांच्यात निपाह विषाणूचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या आणि २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बातमी आली आणि गावोगावी झाडं तोडायची भाषा सुरू झाली. त्याआधी कोरोनाच्या काळातही हेच झालं होतं. केरळात २०१८ साली निपाहने माणसं दगावली, हे खरं आहे. मलेशियात १९९८-९९ मध्ये तो वराहपालनातून पसरला, हेही खरं आहे. वटवाघळं विषाणू बाळगतात, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पण वसाहतीचं झाड तोडलं की काय होतं? घाबरलेले, उपाशी, पिल्लं गमावलेले प्राणी दहा ठिकाणी विखुरतात. ताणाखालच्या प्राण्याच्या शरीरातून विषाणू अधिक बाहेर पडतो, असं अभ्यासकांचं सांगणं आहे. म्हणजे ज्या भीतीपोटी कुऱ्हाड चालवली, ती भीती आपणच घरोघर पोहोचवतो. त्यापेक्षा उष्टं किंवा खाली पडलेलं फळ खाऊ नये, बाकीची फळं धुऊन सोलून घ्यावीत, ताडी-नीरेच्या मडक्याला झाकण बांधावं, विष्ठा साफ करताना नाक-तोंड झाकावं आणि आधी पाणी शिंपडावं. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीतून जाताना जो उग्र दर्प येतो, तो वटवाघळांच्या विष्ठेचा. तिथे तोंडाला रुमाल बांधून जावं आणि न रेंगाळता बाहेर पडावं.

९. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने उचलू नये. जाड फडक्यात किंवा खोक्यात घेऊन झाडाच्या खोडावर चढू द्यावं. अनेकांना जमिनीवरून उड्डाण घेणं अवघड जातं. चावलंच तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

१०. एक जागा गेली तर एक जात जाऊ शकते.

हे मला खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीच्या बारापेडे गुहेने शिकवलं. बेळगाव जिल्ह्यातला हा मराठीभाषक मुलूख. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११च्या सुमारास सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली आणि तिची सुरुवात आपल्या खानदेशातून झाली. त्याच पाहणीत १९१२ साली एस. एच. प्रेटर यांना बारापेडेच्या गुहेत एक मोठ्या कानांचं, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ मिळालं. १९१३ मध्ये ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याला ओटोमॉप्स रॉटनी हे नाव दिलं. पुढे कित्येक दशकं जगात त्याचं माहीत असलेलं ठिकाण ते एवढंच होतं. नंतर कंबोडियात आणि मेघालयात ते सापडलं. आज ती गुहा भीमगड अभयारण्यात आहे आणि त्या जातीला कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे.

कर्नाटकातच कोलार जिल्ह्यात हिपोसिडेरॉस हायपोफायलस ही जात उरलीय ती एका गुहेत, दोनशेहून कमी संख्येने. आजूबाजूला दगडखाणी. पृथ्वीवरची एक अख्खी जात एका खडकावर अवलंबून आहे, हा विचार आला की मला आपल्या गावांतल्या बुजवल्या जाणाऱ्या बारवा आठवतात. कोणत्या बारवेत कोण राहत होतं हे पाहिलंच नव्हतं कुणी. आंद्रे ब्रोसे या फ्रेंच अभ्यासकाने मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवर १९६२-६३ मध्ये सविस्तर लेख लिहिले. आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या परिसरात हिंडून केलेलं ते काम आहे. तालुका पातळीवर तेवढ्या चिकाटीने कुणीतरी नोंदी ठेवाव्यात, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

११. सफाईचा मुहूर्त पिल्लांचा हंगाम पाहून काढावा.

मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती याची. उंदीर वर्षात कितीतरी पिल्लं घालतो. बहुतेक वटवाघळांच्या मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, आणि मोठ्या फळखाऊला तर वर्षाकाठी एकच. पिल्लू कित्येक आठवडे आईवर अवलंबून असतं. त्या बदल्यात वटवाघळांना आयुष्य मोठं मिळालंय. सायबेरियात खूण करून सोडलेलं काही ग्रॅम वजनाचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडलं होतं. पण एका धुराने उद्ध्वस्त झालेली वसाहत पुन्हा भरायला दहा-दहा वर्षं लागतात, कारण वाढीचा वेगच तेवढा.

जातींचे हंगाम वेगवेगळे. नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननाचा दीर्घ अभ्यास केला. टॅफोझस लाँगिमॅनस ही टूम्ब बॅट वर्षभर पिल्लं घालते, हे १९५५ मध्ये तिथूनच जगाला कळलं. इतर बऱ्याच जातींचा काळ ठरलेला असतो. मोठ्या फळखाऊची पिल्लं माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत होतात, कीटकखाऊंपैकी अनेकांची उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा स्थिरावेपर्यंत. आणि आपली देवळांची रंगरंगोटी, जत्रेआधीची सफाई, घरांची पावसाळ्यापूर्वीची डागडुजी हे सगळं नेमकं फाल्गुन ते ज्येष्ठ या महिन्यांतच चालतं. भोकं बुजवली की आया बाहेर राहतात आणि पिल्लं आत. गाभाऱ्यात पुढे आठ दिवस येणारा कुजका वास बऱ्याच पुजाऱ्यांना माहीत आहे. कारण फार थोड्यांना.

म्हणून नेवाशातल्या आणि आसपासच्या गावांतल्या विश्वस्तांना, सरपंचांना, वाडा पाडून स्लॅब टाकणाऱ्या घरमालकांना माझी हात जोडून विनंती आहे. माळवद उतरवायचं असेल, शिखराच्या भेगा भरायच्या असतील, बारव बुजवायची ठरलीच असेल, तर आधी दोन संध्याकाळी तिथे बसून बाहेर कोण पडतं ते पाहा. काम कार्तिक ते पौष या काळात काढा. धूर करू नका, डांबरगोळ्या टाकू नका. वटवाघळं रात्री बाहेर पडली की भोकावर वरून पातळ जाळीचा पडदा असा सोडा की आतून बाहेर येता येईल पण परत आत जाता येणार नाही. काही दिवसांनी आत कोणी उरलं नाही याची खात्री करून मगच चुना-सिमेंट भरा. आणि जिथे कुणालाच त्रास नाही, अशी एखादी भेग, एखादी पडकी खोली, एखादी कोरडी विहीर तशीच राहू द्या.

शाळांमधल्या शिक्षकांना एवढंच सांगतो. मुलांना वही-पेन्सिल देऊन आपापल्या गावातल्या अशा जागांची यादी करायला लावा. झाड, भिंत, विहीर, देऊळ, आणि पुढे त्याखाली काय पडलेलं दिसलं ते. आपल्या तालुक्यात वटवाघळांच्या किती जाती आहेत याची नोंद त्या वह्यांतून सुरू होऊ शकेल. या कामात कुणाला मदत लागली तर मी संध्याकाळी प्रवरेच्या घाटावर असतोच.